ओंजळबाबाचं शून्य

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर, कठड्यावर, उभ्या टँकरच्या टपावरसुद्धा माणसं चढली होती. मधोमध एक टेबल, टेबलावर काचेची भलीमोठी बरणी, बरणीत तपकिरी रंगाचं गढूळ दिसणारं पाणी. टेबलामागे पांढऱ्या पायघोळ अंगरख्यात ओंजळबाबा डोळे मिटून उभे.

बाबा स्वतः फारसे बोलत नसत. ते खातं त्यांच्या पट्टशिष्याकडे होतं. त्याचा आवाज असा, की कार्यालयात आम्ही त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. हातात माईक असूनही तो ओरडायचा.

"मायबापहो! हे पाणी बघा! तुमच्या घरातलं, तुमच्या नळातलं पाणी! कशानं नासलं? शास्त्रज्ञ म्हणतात, जंतू! कुणी पाहिलाय जंतू? पाहिला असेल त्यानं हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही.

"आणि बाबांना कुणी पाहिलंय?"

शेकडो हात वर गेले.

"मग आता तुम्हीच सांगा, खरं कोण?"

बाबांनी डोळे उघडले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि बरणीत बुडवली. एकदा ढवळलं. तपकिरी पाणी बघता बघता फिकं झालं, पिवळं झालं आणि मग आरपार स्वच्छ. बरणीपलीकडचं भोंग्याचं हसू दिसायला लागलं. गर्दीतून एकच हुंकार उठला. एक म्हातारे गृहस्थ रडायलाच लागले. आमचे साहेब पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते.

ते पाणी भोंग्यानं स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या कॅनमधून आणलं होतं. मी वरच्या खिडकीतून ते पाहिलं होतं. पण मी काही बोललो नाही. साहेब हात जोडून उभे असताना कोण बोलणार?

मी त्या कार्यालयातला संगणकवाला. फाटकाशी जो मोठा विजेवरचा फळा होता, तो माझ्या अखत्यारीत. गावाबाहेरच्या पंपघराजवळ आमची प्रयोगशाळा आहे. तिथं रोज शहरभरातून आणलेल्या पाण्याचे तीसेक नमुने तपासतात. त्यांतले किती दूषित निघाले तो आकडा फळ्यावर लागायचा. वर्षाच्या सुरुवातीला पोटाचे विकार आणि कावीळ यांनी शहराला पुरतं पिळून काढलं, तेव्हा लोकांच्या मागणीवरून तो फळा बसवला होता. कामावर जाणारी माणसं घड्याळ बघावं तसा तो बघत. अकरा, नऊ, चौदा. मग घरी फोन करून सांगत, "आजही उकळूनच प्या."

बरणीच्या चमत्कारानंतर दोन दिवसांनी भोंग्यानं बाबांना मुख्य टाकीवर नेलं. बाबांनी टाकीत ओंजळ बुडवली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फळ्यावर आकडा लागला: ०.

चौथ्या दिवशी शून्य. पाचव्या दिवशी शून्य. आठवडा गेला, पंधरवडा गेला, आकडा हलेना. शहरानं बाबांना डोक्यावर घेतलं. फळ्याखाली फोटो काढायला रांगा लागल्या. भोंगा सांगत सुटला, "आता पाणी उकळायचं नाही! बाबांनी जिवंत केलेलं पाणी तुम्ही चुलीवर मारता? हे पाप आहे, पाप!"

माझा बाबांवर काडीचा विश्वास नव्हता. मी मनाशी म्हटलं, त्याच सुमारास जलवाहिनीची गळती दुरुस्त झाली, औषधाची मात्रा वाढवली, त्याचा गुण आला असेल आणि श्रेय हा अंगरखा लाटतोय. कार्यालयात चहा पिताना मी बाबांची नक्कलही करायचो. बाबांवर शंका घेताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. शून्यावर मात्र मी शंका घेतली नाही. कारण ते शून्य माझ्या संगणकातून येत होतं.

आमच्या घरी आई, मी आणि ताई. ताईचे यजमान जहाजावर नोकरीला, म्हणून आठवा महिना लागल्यावर ती आमच्याकडे राहायला आली होती. शून्य लागल्यापासून दहाव्या दिवशी आईनं पाणी उकळायचं बंद केलं. मी पाहिलं. मला बरंही वाटलं, कारण सकाळी स्वयंपाकघरात त्या वाफेनं जीव नकोसा व्हायचा.

एकोणचाळिसाव्या दिवशी ताई आरशापुढे उभी राहून म्हणाली, "अरे, माझे डोळे बघ रे. पिवळे दिसतात का?"

दिसत होते. हळद लावल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर मध्यमवयाचे, झोप न झालेले, बोलायला तुटक. त्यांनी ताईला तपासलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

"या दिवसांत कावीळ फार वाईट. आई आणि बाळ, दोघांनाही धोका आहे. पाणी उकळून देत होतात का?"

आई म्हणाली, "आधी उकळत होतो. पण आता तर फळ्यावर शून्य असतं ना, डॉक्टर."

"ओंजळबाबाच्या भक्त का तुम्ही?"

"छे हो! त्या बाबाचं मला काय!" आईचा आवाज चढला. "तो फळा माझ्या मुलानं केलाय. माझ्या मुलाचा आकडा आहे तो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "असं का? मग मला एक सांगा. माझ्या या वॉर्डात आज काविळीचे सव्वीस रुग्ण आहेत. गेल्या महिन्यात सहा होते. तुमचं पाणी चाळीस दिवस शुद्ध आहे, तर ही माणसं काय पिऊन आली?"

 मी आईला ताईजवळ बसवलं आणि स्कूटर थेट पंपघराकडे सोडली.

प्रयोगशाळेत एकच बाई काम करतात. गेली वीस वर्षं त्या पाणीच तपासतायत. मी आत शिरलो तेव्हा त्या टेबलावर छोट्या छोट्या बाटल्या मांडत होत्या. या तपासणीची रीत सोपी आहे: बाटलीत औषध असतं, त्यात नळाचं पाणी घालायचं आणि ठेवून द्यायचं. सांडपाण्याचे जंतू असतील तर बाटली काळी पडते.

टेबलावर तेरा बाटल्या काळ्याकुट्ट होत्या.

"या कधीच्या?" मी विचारलं.

"आजच्या. बत्तीसपैकी तेरा."

"आणि काल?"

"बारा. परवा पंधरा." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आलात का शेवटी? मी साहेबांना दोनदा फोन केला. म्हटलं, माझ्याकडे बाटल्या काळ्या पडतायत आणि तुमच्या फळ्यावर शून्य कसं? साहेब म्हणाले, फळा संगणकावरून चालतो, तुमच्या बाटल्यांवरून नाही. पत्रही पाठवलं. नवा संगणक आलाय, फाइल आता वेगळ्या फोल्डरमध्ये असते, असं स्पष्ट लिहिलं होतं."

"नवा संगणक कधी आला?"

त्यांनी तारीख सांगितली. बाबांनी टाकीत हात घातला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ होती.

मी तिथल्याच खुर्चीत बसलो. आता मला सगळं दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं.

फळ्यावर आकडा लावण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी. माझी जेमतेम सहा ओळींची होती. एक हुकूम प्रयोगशाळेची फाइल उघडून 'दूषित' असं लिहिलेल्या ओळी मोजायचा. त्याचं उत्तर मी पकडून एका नावाखाली ठेवायचो आणि तेच फळ्याला द्यायचो. आता असा हुकूम फक्त उत्तर देऊन थांबत नाही. काही बिघडलं तर तो वेगळ्या वाटेनं तक्रार करतो: फाइल सापडली नाही. शिवाय संपताना एक खुणेचा आकडा ठेवून जातो. त्या आकड्यावरून कळतं की शोधलं आणि सापडलं, शोधलं पण काहीच निघालं नाही, की मुळात शोधताच आलं नाही.

तक्रारीची वाट मी बंद करून टाकली होती, संगणकाचा पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. खुणेचा आकडा मी कधी तपासलाच नव्हता. आणि उत्तराचं काय? एकदा प्रयोगशाळेची वीज गेली होती, फाइल मिळाली नाही, फळा कोरा राहिला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. "फळा कोरा कसा? लोक विचारतात. काहीतरी दिसलं पाहिजे." मी विचारलं होतं, "काय दाखवू?" साहेब म्हणाले होते, "शून्य दाखव." आणि मी निमूटपणे एक ओळ वाढवली होती: उत्तर रिकामं आलं, तर शून्य समज.

चाळीस दिवस तो बिचारा हुकूम ओरडून सांगत होता, मला फाइल सापडत नाही. मी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं आणि शहराला सांगत होतो, पाणी शुद्ध आहे.

"बाई," मी म्हटलं, "हे मी केलंय."

त्यांनी काळ्या बाटल्यांचा क्रेट उचलला, पर्समध्ये कसलीशी पुडी टाकली आणि म्हणाल्या, "चला. आज अकरा वाजता तिथं चाळिसाव्या शून्याचा सोहळा आहे. स्कूटर हळू चालवा, बाटल्या फुटतील."

आम्ही पोचलो तेव्हा आवार पुन्हा गच्च भरलेलं होतं. तेच टेबल, तीच बरणी, तेच तपकिरी पाणी. भोंगा रंगात आला होता. मी मागच्या दारानं वर गेलो, संगणक उघडला, फाइलचा नवा पत्ता घातला आणि खुणेचा आकडा तपासणारी ओळ लिहिली. दोनदा चुकलो. खालून आवाज येत होता.

"चाळीस दिवस! मायबापहो, चाळीस दिवस एक जंतू नाही! आणि बाबा जोवर आहेत तोवर हा आकडा हलणार ना—"

फळा एकदा विझला आणि पेटला. १३.

आवार असं चिडीचूप झालं की मला वरपर्यंत कबुतराच्या पंखांची फडफड ऐकू आली. पण भोंगा कसला गडी! तो क्षणभरच अडखळला.

"बघितलंत? बघितलंत? कुणीतरी शंकेखोरानं यंत्राला हात लावला! शंकेच्या स्पर्शानं पाणी पुन्हा नासलं! कोण आहे तो? समोर ये!"

मी खिडकीत आलो. "मी आहे."

साहेब खालून ओरडले, "तू काय चालवलंयस? आधी खाली ये!"

पण तोवर बाई टेबलापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी क्रेट बरणीशेजारी ठेवला आणि भोंग्याच्या हातातून माईक असा काढून घेतला, जसा वर्गात पोराच्या हातातून खडू घ्यावा.

"आधी ही बरणी," त्या म्हणाल्या. "हा रंग घाणीचा नाही. जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात टाकलं की असा रंग येतो. आणि क जीवनसत्त्वाची गोळी औषधाच्या दुकानात कुणालाही मिळते. तिची ही पूड." त्यांनी चिमूटभर पूड बोटांत धरली आणि हात बरणीत बुडवला. पाणी निवळलं. "रंग गेला. जंतू असतील तर आहेत तिथंच आहेत. आता ज्याला हे पवित्र वाटतं त्यानं एक पेला प्यावा. बाबा, तुम्ही पिता का?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

गर्दीत कुजबुज झाली, पण एक बाई मोठ्यानं म्हणाली, "बरणीचं असेल तसं. पण ते शून्य? ते तर बाबांनी नाही ना लावलं! यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"बरोबर!" भोंगा माईकशिवायही तितकाच मोठा. "यंत्राला खोटं बोलायला कुणी शिकवलं?"

हा प्रश्न मलाच होता. मी खिडकीतूनच म्हटलं, "मी जुन्या ओळी परत लावतो. तुम्ही मला कुठल्याही फाइलचं नाव सांगा. जी नाहीच, जी असूच शकत नाही अशा फाइलचं. तिच्यात किती पाणी दूषित आहे ते विचारू."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. टँकरजवळच्या एक आजी म्हणाल्या, "माझ्या सासूची फाइल! गेली बिचारी तीस वर्षांपूर्वी."

मी नाव घातलं: सासूची फाइल. फळा विझला, पेटला. ०.

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बाबांची फाइल!" शून्य. "चंद्रावरचं पाणी!" शून्य. "साहेबांची अक्कल!" शून्य. आता तर लोक पोट धरून हसत होते.

"हेच ते शून्य," मी म्हटलं. "चाळीस दिवस तुम्हाला हेच दाखवलं. फाइलची जागा बदलली होती, संगणकाला काही सापडत नव्हतं, आणि सापडत नाही हे सांगण्याऐवजी शून्य दाखव, असं मी त्याला शिकवलं होतं. बाबांनी काही केलं नाही. केलं ते मी. आता सुधारलेल्या ओळी लावतो. पुन्हा विचारा."

"सासूची फाइल," आजी म्हणाल्या, पण आता हळू आवाजात.

फळ्यावर अक्षरं आली: माहिती नाही.

हसणं विरलं. बाटल्या उन्हात काळ्याभोर चमकत होत्या. गर्दीतून एक टॅक्सीवाला जिना चढून वर आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. "म्हणजे माझी बायको वॉर्डात पडलीय ती तुझ्या त्या ओळीमुळे? रोज सकाळी इथून जाताना मी तिला फोन करायचो. शून्य आहे, पी निवांत, म्हणायचो. मी!"

मी हात उगारला नाही, की सोडवूनही घेतलं नाही. त्यानंच मला सोडलं आणि जिन्यावर बसून तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या शेजारी बसलो. माझी बहीणही तिथंच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. ती सबब झाली असती.

या गडबडीत बाबा आणि भोंगा गाडीत बसून निघून गेले होते. पुढे त्यांच्यावर फसवणुकीची तक्रार नोंदवली गेली. काही महिन्यांनी ऐकलं की दुसऱ्या एका शहरात ते आता हवा शुद्ध करतात. साहेबांची बदली झाली. मी जे केलं ते जसंच्या तसं लिहून दिलं, दोन महिने घरी बसलो आणि मग मला परत कामावर घेतलं. नव्या साहेबांना फळ्यावर अधूनमधून येणारं 'माहिती नाही' आवडत नाही. मी ते काढलेलं नाही.

ताई वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

घरी सोडण्याच्या आदल्या दुपारी मी ताईच्या खाटेशी बसलो होतो.  ती खिडकीकडे बघत होती.

"तू जेव्हा ते शून्य लिहिलंस," ती म्हणाली, "तेव्हा पाणी चांगलं आहे हे तुला माहीत होतं का?"

"नाही."

"वाईट आहे हे माहीत होतं?"

"नाही, ताई."

"मग माहीत नाही, एवढंच का नाही लिहिलंस रे?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं.

मी ही हकिगत सांगतो तेव्हा लोक बाबाला हसतात. हसा, जरूर हसा. बरणीत हात घालणारा भेटला तर त्याला तेच पाणी प्यायला सांगा. पण तिथं थांबू नका. अंगरखा घातलेल्याला जे विचाराल तेच आकडे दाखवणाऱ्याला विचारा, आणि आकडा तुम्ही स्वतः दाखवत असाल तर आधी स्वतःला विचारा: हे मोजलंय का? कशावरून? मोजता आलं नसतं तर काय दिसलं असतं? उत्तर दोन्ही वेळा सारखंच येणार असेल, तर ते उत्तर नव्हे. माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. आणि तोवर, पाणी उकळून प्या.